सर्दी-पडशात घरगुती काढा : उपयोग, प्रमाण आणि मर्यादा

ऋतू पालटताना घरात एकाला पडसे झाले की दोन-तीन दिवसांत दुसऱ्याचेही नाक वाहू लागते. अशा वेळी आपल्या देशातील बहुतेक घरांत औषधाच्या दुकानाआधी स्वयंपाकघराकडे पाहिले जाते. तुळशीची पाने खुडली जातात, आले ठेचले जाते आणि पातेल्यात पाणी उकळू लागते. साध्या पडशात हा मार्ग बव्हंशी योग्यच आहे. मात्र काढा कशासाठी घ्यावयाचा, किती घ्यावयाचा, कोणाला द्यावयाचा नाही आणि तो बाजूला ठेवून दवाखाना केव्हा गाठावयाचा, हे ठाऊक नसेल तर याच घरगुती उपायामुळे अपाय होऊ शकतो किंवा उपचाराला विलंब होऊ शकतो. प्रस्तुत पत्रकात ही माहिती दिली आहे. घरात पाच वर्षांखालील मूल असल्यास ‘लहान मुलांबाबत’ हा भाग कृपया प्रथम वाचावा.

पडसे कशामुळे होते

साधे पडसे हा विषाणूंमुळे होणारा आजार आहे. तो निर्माण करणारे दोनशेहून अधिक विषाणू ज्ञात असून त्यांत ‘ऱ्हायनोव्हायरस’ गटातील विषाणूंचे प्रमाण सर्वाधिक आहे. थंड पाणी प्यायल्याने किंवा पावसात भिजल्याने विषाणू निर्माण होत नाही. तो बाधित व्यक्तीच्या शिंकेतून, खोकल्यातून आणि हातांच्या स्पर्शातून आपल्यापर्यंत येतो. विषाणू इतके विविध असल्यामुळे एकदा पडसे होऊन गेले तरी पुन्हा होतेच, आणि म्हणूनच त्यावर एकच एक लस किंवा औषध उपलब्ध नाही.

नाक वाहणे, शिंका, घसा खवखवणे, अंग मोडून येणे ही लक्षणे बहुतांशी आपल्या शरीराने विषाणूला दिलेल्या प्रतिसादातून उद्भवतात. साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वाधिक असतो आणि सात ते दहा दिवसांत आजार आपोआप ओसरतो. खोकला मात्र त्यानंतरही काही दिवस रेंगाळतो. प्रारंभी पाण्यासारखा असणारा शेंबूड पुढे घट्ट, पिवळट किंवा हिरवट होतो. पुष्कळांना हे जंतुसंसर्गाचे चिन्ह वाटते, परंतु केवळ रंग बदलला म्हणून प्रतिजैविकांची, म्हणजे अँटिबायोटिक गोळ्यांची, आवश्यकता निर्माण होत नाही. ही औषधे जिवाणूंवर परिणाम करतात. विषाणूंवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. पडशासाठी दुकानातून अशा गोळ्या परस्पर आणून घेतल्यास लाभ तर होत नाहीच, उलट पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा ते औषध निष्प्रभ ठरण्याची शक्यता वाढते. ज्या औषधांच्या वेष्टनावर उभी लाल रेघ आहे, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत, हे २०१६ पासून सांगितले जात आहे. पडशाच्या दिवसांत त्याचे स्मरण विशेष आवश्यक ठरते.

काढ्याने काय साध्य होते

काढा विषाणूचा नाश करीत नाही. तो घेतल्याने दहा दिवसांचा आजार चार दिवसांत संपतो, असे खात्रीने म्हणता येत नाही. काढा नियमित घेणाऱ्यास पडसे, इन्फ्लुएन्झा किंवा कोविड होणारच नाही, असेही नाही. तो कोणत्याही लसीला पर्याय नाही. हे स्पष्ट शब्दांत सांगण्याचे कारण असे की, २०२० सालच्या साथीच्या काळात अनेकांनी काढ्याकडून नेमकी हीच अपेक्षा केली आणि दिवसातून पाच-सहा वेळा तीव्र काढे घेऊन पोटाचे विकार ओढवून घेतले.

काढ्याचा खरा उपयोग लक्षणे सुसह्य करण्यासाठी होतो, आणि तो थोडाथोडका नाही. गरम पेयामुळे घशाला शेक मिळतो, लाळ व श्लेष्मा अधिक स्रवतो, घट्ट झालेला कफ पातळ होऊन सुटू लागतो. ज्वरामुळे व तोंडाने श्वास घेतल्यामुळे शरीरातील कमी झालेले पाणी भरून निघते. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठात २००८ साली सर्दी झालेल्या ३० व्यक्तींवर एक छोटा अभ्यास झाला. एकच फळपेय काहींना गरम, तर काहींना खोलीच्या तापमानाचे देण्यात आले. नाकातून प्रत्यक्ष वाहणाऱ्या हवेत दोन्ही गटांत मोजण्याजोगा फरक पडला नाही. परंतु गरम पेय घेतलेल्यांना नाक वाहणे, खोकला व शिंकांबरोबरच घशाचा दाह, थंडी वाजणे आणि थकवा यांतही आराम वाटला. अभ्यास लहान आहे, त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरीही आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या अनुभवाशी तो जुळतो, आणि काढ्यातील निम्मा गुण उष्णतेचा व पाण्याचा आहे, हेही त्यातून लक्षात येते. घरात तुळस वा आले नसेल तर नुसते कोमट पाणी, मुगाचे कढण किंवा तांदळाची पेजही उपयोगी पडते.

उरलेला भाग वनस्पतींचा. आले, सुंठ व मिरी यांच्या तिखटपणामुळे नाक-घशातील स्राव वाढून कफ मोकळा होतो. मधाचा घशावर पातळ लेप बसून कोरड्या खोकल्याची उबळ शमते. मुलांच्या खोकल्यासाठी घसा शमवणारा सुरक्षित घरगुती उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेही मधाचा उल्लेख केला आहे, अर्थात एक वर्षावरील मुलांसाठीच. अडुळशाच्या पानांत ‘व्हॅसिसीन’ नावाचे द्रव्य असते. खोकल्याच्या औषधांत आज सर्रास आढळणारे ‘ब्रोमहेक्सिन’ हे त्याच्याच धर्तीवर तयार करण्यात आले. म्हणजे अडुळशाला औषध म्हणताना आपण केवळ परंपरेच्या आधारे बोलत नाही. आणि जे औषध आहे त्याला मात्रा असते व निषेधही असतो.

प्रांतोप्रांतीची रीत

काढ्याचे नाव व घटक प्रदेशागणिक बदलतात. महाराष्ट्रात व गोव्यात परसातील गवती चहा, तुळस, आले आणि गूळ यांचा काढा परिचित आहे. कोकणात अडुळशाची पाने त्यात पडतात. गुजरातेत ‘उकाळो’ होतो. कर्नाटकात धने, जिरे व मिरी भाजून केलेल्या पुडीचा ‘कषाय’ दूध-गूळ घालून घेतात. केरळात सुंठ, मिरी, तुळस व ताडगूळ यांची ‘चुक्कु काप्पी’, तर तमिळनाडूत सुंठ-धन्यांचे पेय घेतले जाते, आणि पडसे झालेल्याला मिरीचे गरम रसम आवर्जून वाढतात. बंगालात तुळस व अडुळशाचा रस मधातून देण्याची चाल आहे. उत्तर भारतात आणि हैदराबादेत युनानी परंपरेतील ‘जोशांदा’ घरोघरी माहीत आहे. त्यात ज्येष्ठमध, बनफशा, गावजबान, उन्नाब अशी द्रव्ये असतात. काश्मीरचा ‘कहवा’ केशर-दालचिनी-वेलदोड्याचा असला तरी त्याचा पाया हिरव्या चहाचा आहे. म्हणून रात्री उशिरा तो घेतल्यास काहींना झोप येत नाही.

यांतील कोणताही एक प्रकार इतरांहून श्रेष्ठ आहे, असे मानण्याचे कारण नाही. आपल्या घरी जो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, ज्याचे घटक आपण ओळखतो आणि जो आपल्या पोटाला मानवतो, तोच घ्यावा. दूरच्या प्रांतातील अनोळखी मुळी भ्रमणध्वनीवर आलेल्या संदेशावरून मागवून उकळण्यात शहाणपण नाही.

आयुष मंत्रालयाने २०२० साली ‘आयुष क्वाथ’ या नावाने एक साधे मिश्रण सुचविले. तुळशीची पाने चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग आणि काळी मिरी एक भाग घेऊन त्यांची भरड पूड करावी. ३ ग्रॅम पूड १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात घालून चहाप्रमाणे दिवसातून एक किंवा दोन वेळा घ्यावी. चवीपुरता गूळ, मनुका किंवा लिंबाचा रस चालतो. यातील ‘एक किंवा दोन वेळा’ हे शब्द जितके महत्त्वाचे आहेत, तितकेच ते दुर्लक्षित राहिले.

काढा करण्याची पद्धत

आयुर्वेदात वनस्पतींपासून औषध सिद्ध करण्याच्या पाच मूळ रीती सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. घरातील काढ्याच्या दृष्टीने त्यांतील दोन लक्षात ठेवाव्यात. क्वाथ म्हणजे पाण्यात उकळून आटवलेला अर्क, आणि फांट म्हणजे कढत पाण्यात द्रव्य भिजवून, झाकून ठेवून गाळून घेतलेला अर्क. साल, मूळ, सुंठ, मिरी यांसारख्या कठीण द्रव्यांना उकळी लागते. तुळस, गवती चहा यांसारख्या सुगंधी पानांतील तैलांश मात्र उघड्या पातेल्यात खळखळ उकळल्यास वाफेबरोबर उडून जातो. स्वयंपाकघर दरवळते, काढ्यात मात्र काही उरत नाही. म्हणून पाने शेवटी घालावीत आणि झाकण ठेवावे.

दोन मोठ्या माणसांसाठी पुढील प्रमाण पुरेसे आहे. दोन कप, म्हणजे सुमारे ३०० ते ३५० मिलिलिटर, स्वच्छ पाणी घ्यावे. बोटाच्या पेराएवढे आले ठेचून, तीन-चार मिरी भरडून आणि दालचिनीचा लहानसा तुकडा त्यात घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटे उकळावे. नंतर आच बंद करून धुतलेली आठ-दहा तुळशीची पाने व गवती चहाची एक पात तुकडे करून टाकावी, पाच मिनिटे झाकून ठेवावे आणि गाळावे. पेला हातात सहज धरता येईल इतपत निवाल्यावर मध मिसळावा व घोट-घोट प्यावे. ओठ भाजतील इतका गरम काढा पिण्याची पुष्कळांना सवय असते. ती मोडावी. ६५ अंश सेल्सिअसहून अधिक गरम पेये नेहमी पिणे हे अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली नमूद केले आहे.

भांडे स्टीलचे असावे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात, विशेषतः लिंबू घालून, काढा करू नये व ठेवूही नये. आंबट पदार्थाने धातू विरघळून मळमळ व उलट्या होऊ शकतात. काढा ताजा करून त्याच दिवशी संपवावा. सकाळचा उरलेला काढा दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळून घेण्यात काही अर्थ नाही. पाने तोडताना कीटकनाशक फवारलेली किंवा रस्त्याच्या धुळीत वाढलेली नकोत.

प्रौढ निरोगी व्यक्तीने दिवसातून एक ते दोन कप, तेही जेवणानंतर किंवा काही खाल्ल्यावर घ्यावा, आणि पडसे ओसरल्यावर थांबवावा. काढा अधिक कडू, अधिक तिखट वा अधिक दाट केल्याने गुण वाढत नाही. घशात जळजळ, छातीत आग, तोंड येणे किंवा शौचास जळजळणे सुरू झाल्यास प्रमाण जास्त झाले, असे समजावे.

हळदीचे दूध हा काढ्याचाच सोबती. १५० मिलिलिटर गरम दुधात अर्धा चहाचा चमचा हळद पुरते. दुधाने कफ वाढतो, असा समज सर्वत्र आहे. दूध प्यायल्यावर तोंडात क्षणभर चिकटपणा जाणवतो हे खरे, परंतु त्यामुळे पडसे झालेल्या मुलाचे दूध बंद करण्याची गरज नाही.

कोणी जपून घ्यावा

‘वनस्पतीचे आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य आपण प्रत्येकाने ऐकले आहे आणि कदाचित उच्चारलेही आहे. ते खरे नाही.

ज्येष्ठमधाचे उदाहरण घेऊ. घसा शमवण्यासाठी ते गुणकारी मानले जाते, चवीला गोड असल्याने घरात सारखे चघळलेही जाते. परंतु त्यातील ‘ग्लायसिरायझिन’ हे द्रव्य शरीरात मीठ व पाणी साठवते आणि पोटॅशियम घटवते. परिणामी रक्तदाब वाढतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ज्येष्ठमध टाळावे. रक्तदाबाची गोळी नियमित चालू असून हिवाळ्यात दाब अकारण वाढलेला आढळला, तर आपण कोणता काढा, जोशांदा वा खोकल्याची वडी घेत आहोत, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. डॉक्टर विचारतीलच असे नाही. आणि आपल्यालाही ते ‘औषध’ वाटत नसल्याने सांगायचे राहून जाते.

बाजारात मिळणारी जाड सालीची दालचिनी पुष्कळदा ‘कॅशिया’ जातीची असते. तिच्यात ‘कौमारिन’ हे द्रव्य अधिक असून दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात घेतल्यास यकृताला इजा पोहोचू शकते. कढीत वा पुलावात पडणाऱ्या तुकड्याची चिंता नको. चमचा-चमचा पूड महिनोन्‌महिने घेणे मात्र वेगळे. मिरीतील ‘पायपरीन’ मुळे काही औषधांचे शरीरातील शोषण वाढते. अपस्मारावरील फेनिटॉइन, दम्यावरील थिओफायलिन आणि रक्तदाबावरील प्रोप्रानोलॉल ही त्यांतील ज्ञात नावे. रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी आले, हळद यांचे स्वयंपाकातील प्रमाण चालू ठेवावे, पण त्यांचे दाट काढे डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत. आम्लपित्त वा जठरव्रण असलेल्यांना तिखट काढा मानवत नाही. त्यांनी तुळस-गवती चहाचा सौम्य फांट घ्यावा.

मधुमेही व्यक्तींनी काढ्यात गूळ, मध वा साखर घालू नये. गूळ साखरेपेक्षा ‘चालतो’, ही समजूत चुकीची आहे. रक्तातील साखर गुळानेही वाढते. आजारपणात ती एरवीही चढती असते.

गरोदर स्त्रियांना स्वयंपाकातील प्रमाणात आले, तुळस घेण्यास हरकत नाही. परंतु अडुळसा, ज्येष्ठमध, दालचिनीचे दाट काढे आणि अनोळखी मिश्रणे त्यांनी टाळावीत. अडुळशातील द्रव्यांमुळे गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते. गरोदरपणात ताप आल्यास काढ्यावर न थांबता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवावे.

गुळवेलीविषयी स्वतंत्र शब्द आवश्यक आहेत. साथीच्या काळात गुळवेलीचा काढा घराघरांत पोहोचला. २०२१ साली मुंबईतील काही रुग्णांत, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याची निरीक्षणे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यावर आयुष मंत्रालयाने, गुळवेल आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलींमध्ये गल्लत होण्याचा धोका निदर्शनास आणला. आपणासाठी यातून निष्पन्न होणारी गोष्ट सरळ आहे. कुंपणावरील वेल ओळखीच्या खात्रीशिवाय तोडून उकळू नये, यकृताचा विकार असल्यास गुळवेल परस्पर घेऊ नये आणि घ्यावयाचीच असल्यास पात्रताधारक वैद्याच्या देखरेखीखाली, मर्यादित दिवस घ्यावी. काढा घेताना डोळे वा लघवी पिवळी होणे, अन्नावरची वासना जाणे, अंगाला खाज सुटणे असे काही जाणवल्यास काढा तत्काळ बंद करून तपासणी करावी.

तयार काढा विकत घेताना वेष्टनावर घटकांची नावे, परवाना क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख पाहावी. नाव-गाव नसलेली, ‘एका दिवसात दमा-खोकला बंद’ असे सांगून दिलेली पुडी घेऊ नये. अशा पुड्यांत स्टिरॉइडसारखी औषधे मिसळलेली आढळली आहेत. पहिल्या दिवशी वाटणारा चमत्कार पुष्कळदा त्यांचाच असतो.

लहान मुलांबाबत

सहा महिन्यांखालील बाळाला काढा, घुटी, मध, ग्राइप वॉटर किंवा पाणीही देऊ नये. या वयात फक्त आईचे दूध. पडसे झालेल्या बाळाचे नाक चोंदल्याने ते एका वेळी थोडेच दूध ओढते, म्हणून त्याला वरचेवर पाजावे. नाक फार चोंदल्यास दुकानात मिळणारे साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब पाजण्यापूर्वी नाकात घालता येतात.

एक वर्षाखालील बाळाला मध कोणत्याही स्वरूपात देऊ नये. जन्मल्यावर मधाचे बोट चाटवण्याची प्रथा अनेक घरांत आहे, आणि ती मायेपोटी आहे. परंतु मधात ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष निर्माण करतात. मग बाळाला बद्धकोष्ठ होते, रडणे क्षीण होते, मान व हातपाय लुळे पडतात, श्वास बंद पडण्याचीही भीती असते. मध शुद्ध आहे, घरच्या पोळ्याचा आहे किंवा काढ्यात घालून उकळला आहे, यामुळे हा धोका टळत नाही. हे बीजाणू घरगुती उकळीने मरत नाहीत.

घरातील आजी किंवा सासूबाई ‘आम्ही सगळ्यांना दिले, काही झाले नाही’ असे म्हणतील. त्यांचे म्हणणे खोटे नाही, कारण हा आजार विरळा आहे. पण ज्या घरात तो होतो तेथे तो अतिशय गंभीर असतो, आणि मध न दिल्याने बाळाचे काहीही अडत नाही. वाद न घालता आशाताईंना किंवा परिचारिकेला घरी बोलावून त्यांच्याकरवी हे सांगितल्यास पुष्कळदा सोपे जाते.

सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत स्तनपानाबरोबर कोमट पाणी, पातळ वरण, पेज पुरेशी आहे. एक वर्षानंतर खोकल्यासाठी अर्धा चहाचा चमचा मध, किंवा तुळस व किंचित आल्याचे पातळ, कोमट पाणी दोन-चार चमचे देता येते. मिरी, सुंठ, लवंग, ज्येष्ठमध व अडुळसा यांचे काढे लहान मुलांना घरच्या घरी देऊ नयेत. कापूर नाकाजवळ चोळणे वा चाटवणे धोक्याचे आहे. पोटात गेलेल्या कापराने झटके येऊ शकतात. नाकात तेल सोडू नये, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. ब्रँडीचा थेंबही नको. गरम पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाफ देताना भांडे कलंडून भाजण्याचा धोका असतो, म्हणून तो उपायही टाळावा.

काढा चालत नाही म्हणून खोकल्याचे औषध आणावे, असेही नव्हे. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत व देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे सुचवू नयेत, असे आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळविले आहे. मोठ्या भावंडासाठी आणलेली, घरात उरलेली बाटली धाकट्याला देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. पडसे झालेल्या प्रत्येक मुलाचा श्वास मोजायला शिकावे. मूल शांत किंवा झोपलेले असताना अंगावरील कपडा वर करून, पोटाची हालचाल पाहत, घड्याळात पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरल्यास तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘पोट उडणे’ म्हणतात ते, किंवा दूध न ओढणे, प्यायलेले सर्व उलटून पडणे, झटके येणे, मूल अतिशय सुस्त होणे, ओठ निळसर दिसणे यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास काढा, मध, शेक यांत वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दोन महिन्यांखालील बाळाला ताप आला, किंवा अंग थंड पडले, तरी तीच तातडी.

मोठ्यांनी केव्हा थांबावे

ताप तीन दिवसांहून अधिक राहिला, उतरून पुन्हा चढला, धाप लागली, छातीत दुखले, कफातून रक्त आले, ग्लानी किंवा असंबद्ध बोलणे आढळले, तर काढा पुरेसा नाही. वृद्ध, गरोदर स्त्रिया, दमा, मधुमेह, हृदय वा मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी याहूनही आधी दाखवावे. पावसाळ्यात तीव्र ताप, डोळ्यांमागे दुखणे व अंगदुखी असून नाक वाहत नसेल तर ते पडसे नव्हे. डेंग्यू किंवा हिवतापाची रक्ततपासणी करून घ्यावी आणि ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. पडशाचा काढा डेंग्यूच्या रुग्णाला देत राहिल्याने मोलाचे दोन दिवस जातात.

खोकला दोन आठवडे किंवा अधिक टिकला, तर क्षयरोगाची तपासणी केलीच पाहिजे. येथेच काढा नकळत सर्वाधिक हानी करतो. गरम घोटाने उबळ तात्पुरती शमते, ‘आज जरा बरे आहे’ असे वाटते, आणि आठवड्यामागून आठवडे जातात. तेवढ्यात घरातील मुलांना संसर्ग पोहोचतो. वजन घटणे, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम येणे ही सोबतची लक्षणे असतील किंवा नसतीलही. थुंकीची तपासणी व संपूर्ण औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य आहेत. क्षयरोगविषयक माहितीसाठी १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधता येतो.

पडसे झालेल्या व्यक्तीने काढ्याचा पेला इतरांसोबत वाटून घेऊ नये, खोकताना रुमाल किंवा कोपर तोंडावर धरावे आणि साबणाने हात वारंवार धुवावेत. काढा करणारी व्यक्ती स्वतः आजारी असेल तर तिने तो इतरांसाठी करण्यापूर्वी हात धुणे विशेष आवश्यक आहे. बहुतेक घरांत ती गृहिणी असते, आणि तिचे पडसे कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्या दिवशी काढा दुसऱ्या कोणी करावा व तिलाही एक कप द्यावा.